बयनामायची ओळ

या, पुढं सरका. सगळे नीट बसा, मग सांगते.

ही गोष्ट किती वर्षांपूर्वीची, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली, आणि त्या आजीनंही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती. त्या काळी डोंगरातले वाघ दिवसाढवळ्या पाणी प्यायला यायचे आणि आपल्या हिरडटोल्यात जेमतेम चाळीस घरं होती. सगळी ढिवरांची. मासे धरायचे, जाळी विणायची, पोटापुरता भात लावायचा आणि थंडी पडली की तलावातले शिंगाडे काढायचे, एवढंच गावाचं काम.

तलाव आज आहे तसाच होता. पूर्वेला मातीची लांबलचक पाळ, पाळीला लागून गाव आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना डोंगर. पश्चिमेकडं, डोंगराच्या पायथ्याशी, पाण्यात बुडालेलं एक रान होतं. कुणा राजानं तलाव बांधला तेव्हा ते रान पाण्याखाली गेलं, पण झाडांचे खुंट तसेच उभे राहिले, पाण्याच्या वीतभर खाली, भाल्यांसारखे. डोंगा म्हणजे तरी काय, एका झाडाचं पोखरलेलं खोड. खुंटावर आदळला की उलटलाच. म्हणून त्या बाजूला कुणी जात नसे.

या गावात बयना नावाची बाई राहायची. तिचा नवरा डोमा. दोघांचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, पण घरात हसण्याचा आवाज असायचा. बयनाचा गळा सगळ्या गावात मोठा. असं म्हणतात, की तिनं पाळीवरून हाक मारली तर पलीकडच्या डोंगरावर चरणारी गुरं माना वर करायची.

एका मार्गशीर्षात शिंगाडे भरून आले होते. पहाट फुटली तशी सगळी धडधाकट माणसं, बाया आणि पुरुष, डोंगे घेऊन तलावात गेली. गावात उरली ती म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि लेकरं. बयनाच्या पायात आदल्या दिवशी शिंगाड्याचा काटा मोडला होता, पाय सुजला होता, म्हणून ती पाळीवर जाळं विणत बसली होती.

ऊन वर यायच्या वेळी ऊन आलंच नाही. डोंगरावरून धुकं उतरलं. असं धुकं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. असं म्हणतात, की बैलाच्या पाठीवर हात ठेवला तर त्याची शिंगं दिसत नव्हती.

मग पाळीवर एकच कल्लोळ उठला. ज्याचं त्याचं माणूस पाण्यात. म्हातारी लेकाला हाक मारी, लेकरू आईला हाक मारी, बाळंतीण नवऱ्याला. जो तो आपल्या माणसाचं नाव घेऊन जीव खाऊन ओरडत होता. बयना दुखऱ्या पायावर उभी राहिली आणि ओरडली, "डोमाऽऽ! डोमाऽऽ!" तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

दुपारनंतर धुकं विरलं. तेव्हा कळलं, की सात डोंगे खुंटांवर गेले होते. नऊ माणसं परत आली नाहीत. त्यांत डोमा होता.

डोमाच्या डोंग्यात त्याच्याबरोबर दसरू नावाचा गडी होता. तो एका खुंटाला धरून राहिला म्हणून वाचला. दहा दिवसांनी बयना त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दसरूभाऊ, तुमाले आमच्या हाका नाही आल्या का ऐकू?"

"आल्या ना वहिनी," दसरू खाली बघत म्हणाला. "सगळ्याच आल्या. चाळीस नावं एकदम. असं वाटे का चारही बाजूंनी तलावच बोंबलून राहिला. कोनती हाक पाळीवरची आन कोनती डोंगरावरून फिरून आलेली, काही समजे ना."

"मग?"

दसरूनं पाठ फिरवली. त्याला सांगायचं नव्हतं. पण बयना हलेना.

"मग डोमा म्हणे, थांब, हा माह्या बयनाचा आवाज आहे. गाव इकडं आहे. आन त्यानं डोंगा वळवला."

बयनाला पुढचं विचारावं लागलं नाही. तिचा तो मोठा आवाज तलाव ओलांडून गेला होता, पश्चिमेच्या डोंगरावर आपटला होता आणि तिकडून डोमाला हाक मारत राहिला होता.

त्या दिवसापासून बयनानं गळा मोकळा केला नाही. बोलायची ती कुजबुजल्यासारखी. सकाळी पाळीवर येऊन बसायची, जाळं विणायची आणि पाण्याकडं बघायची.

गावाचा वडीलधारा तेव्हा फागो होता, गावातल्या सगळ्या सुनांचा मामाजी. माणूस करडा पण मनाचा खोटा नव्हता. त्यानं ठरवलं, की पुन्हा असं व्हायला नको. म्हणून बैलाच्या कातड्याचा एक मोठा ढोल करवून घेतला आणि पाळीवर टांगला. धुकं आलं की ढोल वाजवायचा. गावाला धीर आला. बयनाला मात्र आला नाही. ढोलाचा धडाकाही डोंगरावर जाऊन फिरून येतो, हे तिनं बसल्या जागी ऐकलं होतं.

वैशाख आला. लेकरं दिवसभर पाळीवर खेळायची. एक दिवस बयना डोंग्यात बसली, तिनं पदरानं स्वतःचे डोळे घट्ट बांधले, दोन मोठ्या मुलींना सांगून डोंगा पाण्यात ढकलायला लावला, गरागरा फिरवायला लावला आणि त्यांना म्हणाली, "आता मले हाका मारा."

मुलांना गंमतच वाटली. सगळी ओरडायला लागली, "बयनामाय! बयनामाय!" बयनानं हात करून दाखवला, आवाज इकडून येतो. हात होता डोंगराकडं. पुन्हा हाका, पुन्हा हात चुकला. दहा वेळा चुकला. पोरं हसून हसून दमली आणि खेळ सोडून निघून गेली.

पाळीवर राहिली ती अगदी चिल्लीपिल्ली, तीन-चार वर्षांची. ती चिखलाच्या भाकरी थापत बसली होती आणि थापता थापता एकच काहीतरी गुणगुणत होती. शब्द नव्हते. एक सूर, एका लयीत, सगळ्यांच्या तोंडी. बयना डोळे बांधून डोंग्यात बसली होती. तिचा हात आपोआप उचलला गेला. तिनं पदर सोडून पाहिलं, तर बोट बरोबर लेकरांकडं होतं. तो हळू, एकसारखा सूर डोंगरावर आपटून फिरून येत नव्हता.

ती काठावर आली आणि त्यांच्यात जाऊन बसली. असं म्हणतात, की त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ती चिखलाच्या भाकरी थापत होती.

मग तिनं शिकवायला सुरुवात केली. आधी मोठ्या माणसांना एका सुरात गायला शिकवून पाहिलं. जुन्या बाया आल्या, म्हातारे आले. पण शेजारणीपेक्षा आपला आवाज वर गेला पाहिजे, असं प्रत्येकीला वाटे. एक आजोबा मध्येच थांबून दुसऱ्याच्या चुका काढत. चार दिवसांत भांडणं होऊन सगळे घरी गेले. बयना हसली नाही, रागावलीही नाही. ती पुन्हा चिल्ल्यापिल्ल्यांकडं वळली.

तिची ओळ साधी होती. "हे पाळ, हे पाळ, ये गा डोंग्या, हे पाळ." एवढीच. कुणाचं नाव त्यात नव्हतं. जाळ्याची एक गाठ, एक ठेका. असं ती विणता विणता म्हणायची आणि मांडीवर बसलेलं लेकरू तिच्याबरोबर डुलायचं. जे बोलायला शिकलेलं नाही तेही डुलायचं.

पण ओळ म्हणायच्या आधी ती ऐकायला शिकवायची. "बाजूच्याचं ऐक," ती सांगायची. "मग तोंड उघड. गाता गाता बाजूच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर तू गाऊन नाही राहिला, ओरडून राहिला." दुसरं ती शिकवायची श्वास. निम्म्यांनी गायचं तेव्हा निम्म्यांनी श्वास घ्यायचा, म्हणजे ओळ तुटत नाही.

फागोला हे आवडलं नाही. एक दिवस तो पाळीवर आला.

"काय वो बयना, लेकरायले दिवसभर गायले लावतं. भातावरचे पाखरं कोन हाकलन? जाळं धरू कोन लागन?"

"पाखरं हाकलून येतेत ते, मामाजी. मग गातेत."

"आन गायचंच आहे तर मोठ्यायले शिकव. हे एवढुसे काय करतीन?"

"मोठ्यायचे कान भरून गेले, मामाजी," बयना हळूच म्हणाली. "यायचे रिकामे आहेत. आता जे टाकू ते राहीन."

फागोचं लक्ष एका मुलीकडं गेलं. ती त्याचीच नात होती, रेवता. पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. फागोनं तिच्यासाठी नवस केले, औषधी केली, आणि शेवटी मनातून तिचा नाद सोडला होता. ती बयनाला टेकून बसली होती.

"हे तं बोलतही नाही," फागो म्हणाला. "हिले काहून बसवतं?"

"हिच्याच सुरावर बाकीचे गातेत," बयना म्हणाली.

फागोला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. रेवताच्या तोंडून शब्द फुटत नसे, सूर मात्र असा लागायचा, की एकदा लागला की जागचा हलत नसे. लेकरं चुकली, की बयना काही न बोलता रेवताकडं बोट करायची. मग सगळी गप्प होऊन तिचं ऐकायची आणि पुन्हा जुळून यायची. जिला कुणी खेळायला घेत नव्हतं, तिच्या शेजारी बसायला आता पोरं ढकलाढकली करायची.

फागो निघून गेला. त्यानं बंदही केलं नाही आणि बरंही म्हटलं नाही.

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी, शिंगाड्याच्या हंगामात, धुकं पुन्हा आलं.

या वेळी ते भर सकाळी, सगळे डोंगे तलावाच्या मध्यावर असताना उतरलं. एकतीस डोंगे होते. फागो स्वतः एका डोंग्यात होता आणि त्याच्याबरोबर त्याची सून, म्हणजे रेवताची आई. पाळीवरचे म्हातारे ढोलाकडं धावले. टिपरू हाणलं, तर ढोलातून नुसता भद् असा आवाज आला. धुक्याच्या ओलीनं कातडं सैल पडलं होतं. त्यांनी चूल पेटवून ढोल शेकायचा प्रयत्न केला, पण लाकडंही ओली होती.

एक म्हातारी ओरडायला लागली, "अरे माह्या लेका!" तशी दुसरीनं तोंड उघडलं. बयना धावत गेली आणि तिनं दोघींचे हात धरले. "माय, पाया पडते तुमच्या. आज नाव नका घेऊ."

मग तिनं लेकरांना पाळीवर ओळीनं बसवलं. मोठी मागं, लहान पुढं आणि मधोमध रेवता. तिच्या पाठीवर हात ठेवला. रेवतानं सूर धरला. एकामागून एक सगळी जुळली.

हे पाळ, हे पाळ, ये गा डोंग्या, हे पाळ.

किती वेळ गेला, कुणाला कळलं नाही. मग धुक्यातून डोंग्याचं टोक दिसलं. मग दुसरं. येईल तो डोंगा काठाला लागायचा, माणसं उतरायची आणि आपलं लेकरू उचलून घ्यायला धावायची. बयना त्यांना हातानं थोपवायची. अजून नाही. अजून माणसं पाण्यात आहेत.

दुपार उलटली. दहा डोंगे आले, वीस आले. असं म्हणतात, की तलावातले सारस, जे कधी माणसाजवळ येत नाहीत, ते जोडीजोडीनं पाळीवर येऊन उभे राहिले होते आणि एकानंही चोच उघडली नव्हती.

तीस डोंगे आले. एक राहिला. फागोचा.

आणि दिवस कलायला लागला. लेकरं दमली होती. ओठ निळे पडले होते. अंधार पडला तर त्या थंडीत पाण्यावर कुणी टिकणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. रेवताच्या धाकट्या बहिणीला, चार वर्षांच्या पोरीला, आता कळलं, की सगळ्यांच्या आया आल्या, आपली आली नाही. ती उठली, पाळीच्या कडेला धावली आणि तिनं किंकाळी फोडली, "आईऽऽ!"

ओळ डगमगली. दोघा-तिघांनी गाणं सोडून रडायला सुरुवात केली.

बयनानं त्या पोरीला उचललं, पोटाशी धरलं. तिला तिची तीन वर्षांपूर्वीची, नव्हे, कालचीच वाटणारी हाक आठवली. ती पोरीच्या कानात म्हणाली, "माह्या राजा, मले ठाऊक आहे. मीही असीच ओरडली होती. पण तू आई म्हणून हाक मारली तं आई तिकडं जाईन, डोंगराकडं. ओळ म्हण. ओळीनं येईन."

पोरगी हुंदके देत होती. तिला सूर सापडेना. पण शेजारी रेवता गातच होती. आईसाठी तिचाही जीव तुटत असेल, कोण सांगणार. पण तिचा सूर केसभरही हलला नाही. धाकटीनं तिचं ऐकलं. ऐकता ऐकता तिचे ओठ हलले.

आणि तेव्हा बयनानंही ऐकलं. डोमा गेल्यापासून बंद ठेवलेला गळा तिनं उघडला. असं म्हणतात, की एवढा मोठा आवाज तिचा, पण त्या दिवशी तो कुणाला वेगळा ऐकू आला नाही. लेकरांच्या सुरात तो असा मिसळला, की फक्त ओळ जरा ऊबदार झाली.

आणि म्हणतात, धुक्याला वाट पडली. पाळीपासून थेट पाण्याच्या मध्यापर्यंत, एका डोंग्याच्या रुंदीची वाट, आणि दोन्ही बाजूंना धुकं भिंतीसारखं उभं. त्या वाटेनं फागोचा डोंगा आला. सून पुढं बसून वल्हवत होती, म्हातारा मागं होता, डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून. काठाला लागल्यावरसुद्धा त्यानं डोळे उघडले नाहीत.

"मामाजी, उतरा. पाळ आली," बयना म्हणाली.

फागोनं डोळे उघडले. समोर साठेक लेकरं बसली होती, नाकं वाहत होती, दात वाजत होते.

"गाऊन कोन राहिलं होतं?" त्यानं विचारलं.

"हे सगळेच."

"सगळे?" म्हाताऱ्यानं रांगेवरून नजर फिरवली. "मले वाटलं एकच बाई आहे. एका जागी उभी राहून माही वाट पाहून राहिली."

मग तो गुडघ्यावर बसला, आणि रेवताला त्यानं उचललं नाही. तिच्या शेजारी, लेकरांच्या रांगेत, तसाच ओल्या धोतरानं बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो ढोल उतरवला. गावात ज्या घरी मूल बोलायला लागायचं, त्या घरी तो स्वतः जाऊन सांगायचा, "बयनाकडं पाठवा."

रेवता पुढं बोलायला लागली का, असं तुम्ही विचाराल. थोडं थोडं लागली. फार नाही. पण बयनानंतर लेकरांना तिनंच शिकवलं, आणि त्यासाठी तिला फारसं बोलावं लागलं नाही.

बयना खूप जगली. असं म्हणतात, की तिनं एका घरच्या चार पिढ्यांना मांडीवर घेतलं. म्हातारपणी तिचे कान गेले. लोकांना वाटलं, आता संपलं. पण ती लेकराच्या पाठीवर तळवा ठेवायची आणि तळव्यानं ऐकायची. सूर चुकला, की बोटानं हलकेच टिचकी मारायची. ती गेली ती अशीच, भर दुपारी, पाळीवर, एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून. हात घसरला तेव्हा मुलांना कळलं. पण ओळ अर्धी सोडायची नाही, हे तिनंच शिकवलेलं. त्यांनी ती पुरी केली आणि मगच मुलं रडली.

आज तलावात डोंगे थोडेच राहिलेत. हातात मोबाईल आहे, धुक्यात वाट चुकायची भीती कुणाला नाही. तरी हिरडटोल्यात मूल तीन वर्षांचं झालं, की त्याला पाळीवर नेऊन बाकीच्या लेकरांत बसवतात. शाळेत पहिलीच्या वर्गात पहिला तास पाटी-पुस्तकाचा नसतो. नवे गुरुजी येतात, चार दिवस नवल करतात आणि पाचव्या दिवशी स्वतःच गुणगुणायला लागतात. इथली पोरं कामाला बाहेरगावी जातात. तिथले मालक म्हणतात, तुमच्या गावची माणसं दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतात, हे कुठं शिकलात?

आणि मार्गशीर्षात शिंगाड्याची पहिली हंडी उकडली, की सगळं गाव पाळीवर जमतं. लेकरं ओळ म्हणतात. म्हातारीकोतारी कान देऊन ऐकत असतात, कोण चुकतं म्हणून. कारण बयनामायचा नेम होता, की पहिली ओंजळ चुकणाऱ्याला द्यायची. सुरात गाणाऱ्याला गाणं मिळालंच आहे, ती म्हणायची. चुकलेलं लेकरू उद्याही पाळीवर आलं पाहिजे. म्हणून दरवर्षी कुणीतरी चुकतं, आई त्याला पुढं ढकलते, ते लाजत लाजत दोन्ही हात पसरतं आणि गावातला सगळ्यात म्हातारा माणूस त्याच्या ओंजळीत गरम शिंगाडे ओततो. हात भाजतात. ते फुंकर मारतं, आणि सगळं गाव हसतं.